दोन्हीवर '.३२' लिहिलंय, मग चालेल ना? काडतुसाचं प्रेशर रेटिंग आणि पिस्तुलाची झीज

मागच्या दिवाळीत पेठवरून मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. (पेठ म्हणजे पुण्यातल्या सदाशिव-नारायण नव्हेत. आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं आमच्या मामांचं गाव.) टेबलावर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी, एक उंच आणि एक बुटकं. खाली मेसेज: "दादा, दोन्ही .३२ ची आहेत. बुटकं पण पप्पांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मस्त बसतंय. चालेल ना?"

मामा फौजेतून निवृत्त झालेत, आता सातगाव पठारावर बटाटा करतात. त्यांच्याकडे परवान्याची .३२ रिव्हॉल्व्हर आहे. बुटकी काडतुसं कुणा पिस्तूलवाल्या ओळखीच्याने "असू द्या चार" म्हणून दिलेली. मी एवढंच लिहिलं, "आधी बाहेर काढ. लावू नको. फोन करतो."

त्या फोनवर जे सांगितलं, आणि नंतर स्वतःची खात्री करायला जे वाचलं, ते या लेखात आहे. मी सॉफ्टवेअरवाला, बंदूकवाला नाही. पण हा विषय शेवटी मटेरियल आणि आकड्यांचा आहे, आणि यूट्यूब शॉर्ट्सवर त्याबद्दल जे काही चालतं ते बघून डोकं धरावंसं वाटतं.

प्रेशर रेटिंग म्हणजे नक्की काय?

कृषी सेवा केंद्रात पीव्हीसी पाईप घ्यायला गेलात तर दुकानदार विचारतो, "चार किलोचा देऊ का सहा किलोचा?" हे पाईपाचं वजन नाही. दर चौरस सेंटीमीटरला किती किलोचा दाब पाईप सहन करेल, तो हा आकडा. चार किलोच्या पाईपला मोठी मोटर जोडली तर पहिल्याच दिवशी तो फुटेल असं नाही. पण सांधे गळायला लागतात, आणि कधीतरी कुणी व्हॉल्व्ह पटकन बंद केला की पाण्याचा दणका बसून पाईप उभा चिरतो.

काडतुसाचंही तसंच. काडतुसाचे चार भाग असतात: पुढे गोळी, पितळेची पुंगळी, आत दारू आणि बुडाला टोपी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळून वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. हा वायू चेंबरमध्ये जास्तीत जास्त किती दाब तयार करू शकतो, त्याची ठरलेली मर्यादा म्हणजे त्या काडतुसाचं प्रेशर रेटिंग. पाईपात आणि यात एक फरक लक्षात ठेवा. इथे दाब तयार करणारी वस्तू काडतूस आहे आणि तो सोसणारी वस्तू पिस्तूल. त्यामुळे दोघांचं रेटिंग जुळावं लागतं.

आकडे बघा. ९ मिमी पॅराबेलम, म्हणजे ९×१९, हे जगात सगळ्यात जास्त चालणारं पिस्तुलाचं काडतूस. बीजीएमआयमध्ये पी-९२ उचलता तेव्हा जी गोळी भरता तीच. तिची अमेरिकन मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. आपल्या पाईपाच्या भाषेत सुमारे २,४६० किलो, म्हणजे सहा किलोच्या पाईपाच्या चारशे पट. पुंगळीच्या बुडावर हा दाब आतून जेवढ्या जागेवर पडतो ती जागा अर्ध्या चौरस सेंटीमीटरपेक्षा थोडीच मोठी. तरी गुणाकार केला की पिस्तुलाच्या मागच्या भागावर जवळपास दीड टनाचा रेटा येतो. बटाट्याची रिकामी पिकअप साधारण एवढ्याच वजनाची असते. आणि हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत उरकतं. तुमच्या फोनच्या ६० एफपीएस व्हिडिओत एक फ्रेम १६ मिलिसेकंदांची असते, म्हणजे कॅमेऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

हा दाब मोजतात कसा?

जुनी पद्धत गमतीशीर होती. चेंबरला भोक पाडून त्यावर तांब्याची छोटी गुंडी ठेवायची, गोळी झाडायची आणि गुंडी किती चेपली ते मोजायचं. त्या मापाला 'सीयूपी' म्हणतात. गुंडी चेपायला वेळ लागतो, दाब मात्र क्षणात येऊन जातो, म्हणून हे माप खऱ्या दाबापेक्षा बहुधा कमी भरतं. ९ मिमीची मर्यादा सीयूपीत ३३,००० आहे आणि पीएसआयमध्ये ३५,०००. काडतूस तेच, फूटपट्टी वेगळी. इंटरनेटवर अर्धी भांडणं हे दोन आकडे एकत्र केल्यामुळे होतात.

आता पिझो सेन्सर वापरतात. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते ना, तो पिझोच. स्फटिकावर दाब आला की वीज तयार होते. सेन्सरमध्ये ठिणगीऐवजी व्होल्टेजचा आलेख मिळतो आणि त्यातला सर्वोच्च बिंदू म्हणजे दाब.

मर्यादा ठरवणाऱ्या मुख्य व्यवस्था तीन. अमेरिकेत 'सॅमी' ही १९२६ पासूनची उत्पादकांची संस्था. युरोपात 'सीआयपी', जिच्या सदस्य देशांत तिचे नियम कायद्याने लागू असतात. आणि लष्करासाठी नाटो. ९ मिमीसाठी सीआयपीची मर्यादा २३५ मेगापास्कल, म्हणजे ३४,०८४ पीएसआय. नाटोची २५२ मेगापास्कल, सुमारे ३६,५०० पीएसआय. पण इथेही सेन्सर वेगवेगळ्या जागी बसवतात. सीआयपी पुंगळीला भोक पाडते, सॅमी पाडत नाही, नाटो पुंगळीच्या तोंडापाशी मोजते. त्यामुळे आकडे थेट एकमेकांतून वजा करून "नाटोवाली इतकी पॉवरफुल" असं म्हणता येत नाही.

आणखी एक बारकावा, जो सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. सॅमीचा ३५,००० हा आकडा सरासरीवरची मर्यादा आहे. एखादी सुटी गोळी त्याच्या थोडी वर जाऊ शकते. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम चांगला असला तरी शंभरातली एखादी रिक्वेस्ट लटकतेच, तसं. म्हणून चांगल्या पिस्तुलाला विक्रीआधी 'प्रूफ' गोळी झाडून तपासतात. सीआयपीत ही गोळी हँडगनसाठी मर्यादेच्या ३० टक्के जास्त दाबाची असते.

या सगळ्या विषयाचं एक मोठं घर पेठपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. तिथल्या पुंगळ्यांच्या बुडावर 'केएफ' असा शिक्का असतो, किरकी फॅक्टरी, इंग्रजांच्या काळातल्या उच्चाराप्रमाणे. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. पाषाणला डीआरडीओची एआरडीई आहे, जिने लष्कराबरोबर काम करून जानेवारी २०२१ मध्ये 'अस्मि' हे ९ मिमीचं मशीन पिस्तूल पुढे आणलं. नाशिक फाट्यावरून गावाकडे वळताना या गोष्टी आपल्या किती जवळ आहेत हे कधी डोक्यातच येत नाही.

'प्लस पी' : दहा टक्के जास्त दाबाची किंमत

काही काडतुसांच्या पेटीवर 'प्लस पी' लिहिलेलं असतं. याचा अर्थ नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त, पण तरीही ठरवून दिलेला दाब. ९ मिमीला प्लस पीची मर्यादा ३८,५०० पीएसआय, म्हणजे बरोबर १० टक्के जास्त. शॉर्ट्सवाले लगेच म्हणतात, "भावांनो, डायरेक्ट अपग्रेड!"

हिशेब करून बघू. साधारण ८ ग्रॅमची गोळी नेहमीच्या काडतुसातून सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाते, प्लस पीमधून ३७० च्या आसपास. वेग सुमारे ६ टक्के वाढला.

आता पिस्तुलाकडे बघा. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे येतो. गोळी आणि वायू मिळून ३ किलो-मीटर प्रति सेकंद इतका संवेग धरा, स्लाइड आणि नळी मिळून ४५० ग्रॅम. स्लाइडला मिळालेली ऊर्जा येते १० ज्यूल. त्यातली स्प्रिंग दाबण्यात आणि घोडा मागे ओढण्यात समजा ४ ज्यूल गेली. उरलेली ६ ज्यूल? ती स्लाइड थांबताना फ्रेमवर आदळते.

प्लस पीत संवेग ६ टक्के वाढला की स्लाइडची ऊर्जा ११.२ ज्यूल होते, कारण ऊर्जा वर्गाने वाढते. स्प्रिंग मात्र तीच, ती ४ ज्यूलच खाणार. फ्रेमवर आदळतात ७.२. म्हणजे दाब १० टक्के वाढला, गोळीचा वेग ६ टक्के, आणि फ्रेमवरचा दणका २० टक्के. माझे आकडे ढोबळ आहेत, पिस्तुलागणिक बदलतील, पण गणिताची दिशा बदलत नाही. वाढलेल्या ऊर्जेचा सगळा भार उरलेल्या भागावर पडतो.

आणि धातूचा स्वभाव इथे नडतो. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, दहा-वीसदा मागेपुढे वाकवली की तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. रेल्वेच्या आसांवर व्होलर या जर्मन इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकातच याचा अभ्यास केला. त्यातला वाईट भाग असा की ताण थोडा वाढला तरी आयुष्य खूप कमी होतं. ताण २० टक्के वाढला म्हणून आयुष्य २० टक्के घटेल, असं सरळ त्रैराशिक तिथे चालत नाही.

झीज कुठे होते?

सगळ्यात आधी रिकॉइल स्प्रिंग. ती पिस्तुलातला सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात महत्त्वाचा बचाव. काही हजार फैरींनंतर ती ढिली पडते आणि वरच्या गणितातले ४ ज्यूल ३ होतात. म्हणजे साधी गोळी वापरूनही फ्रेमला प्लस पीचा मार बसायला लागतो. म्हणून उत्पादक ती ठरावीक फैरींनंतर बदलायला सांगतात. आपण बाईकची चेन ढिली झाली तरी "चालतंय की" म्हणतो, तसं इथे म्हणू नये.

त्यानंतर नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकतात ती जागा. आपल्या लष्कराचं आणि पोलिसांचं ९ मिमी पिस्तूल १ए हे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. मूळ रचना १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. त्यात नळीच्या पाठीवर खाचा असतात, त्या स्लाइडमध्ये अडकतात आणि दाब उतरला की नळी खाली झुकून मोकळी होते. खाचांच्या कडा गोल होत गेल्या की नळी थोडी आधी मोकळी व्हायला लागते, म्हणजे स्लाइड आणखी जोरात मागे येते. झीज स्वतःच झीज वाढवते. हाय-पॉवरच्या कुळाला जास्त दाबाच्या गोळ्या फारशा मानवत नाहीत, हे बंदूक दुरुस्त करणारे खूप वर्षं सांगत आलेत.

लष्कराची अडचण वेगळी असते. तेच ९ मिमी काडतूस पिस्तुलातही जातं आणि कार्बाइनमध्येही. कार्बाइनचा बोल्ट जड, तो दर वेळी पूर्ण मागे यायला हवा, म्हणून काडतूस दमदार लागतं. कार्बाइनला जे पोटभर, ते हलक्या पिस्तुलाला जड जेवण होतं.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९८५ मध्ये त्यांच्या लष्कराने बेरेटाचं एम-९ निवडलं. १९८७-८८ मध्ये काही पिस्तुलांची स्लाइड गोळी झाडताना मधोमध तुटली आणि मागचा तुकडा उडून झाडणाऱ्याच्या तोंडावर आला. नौदलाच्या सील कमांडोंनाही इजा झाली. मग वाद पेटला. कंपनीचं म्हणणं काडतुसांचा दाब जास्त होता, दुसरीकडे बोट धातूकडे. शेवटी उपाय मजेशीर निघाला. घोड्याची खीळ मोठ्या डोक्याची केली, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा खिळीत अडकून राहील. ते मॉडेल म्हणजे ९२एफएस. बग पूर्ण सापडेपर्यंत आधी क्रॅश सुरक्षित करा, हे आम्हीही ऑफिसात करतो.

गेममध्ये यातलं काहीच नसतं. तिथे हजार मॅच खेळलात तरी पी-९२ ची स्प्रिंग ढिली पडत नाही.

आता फोटोतली दोन काडतुसं

भारतात सामान्य नागरिकाला ९ मिमीचा परवाना मिळत नाही, तो 'निषिद्ध बोअर' आहे. म्हणून परवान्याच्या हँडगनमध्ये .३२ भरपूर. कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेली हलकी 'निर्भीक', आणि ऑर्डनन्स फॅक्टरीचंच .३२ पिस्तूल 'अशनी'. घोळ असा की रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत.

रिव्हॉल्व्हरचं पूर्ण नाव .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. १८९६ चं डिझाइन, पुंगळी सुमारे २३ मिमी लांब, मर्यादा १५,००० पीएसआय. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजे ७.६५×१७. जॉन ब्राउनिंगचं १८९९ चं डिझाइन, पुंगळी १७ मिमी, मर्यादा २०,५०० पीएसआय. जाडी जवळजवळ सारखी. म्हणून बुटकं एसीपी अनेक लाँग रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये अलगद बसतं, आणि त्याच्या कडेला छोटी कड असल्याने आत घसरतही नाही.

दिसायला लहान आणि दाब ३६-३७ टक्के जास्त! माझ्या मामेभावाचा अंदाज बरोबर उलटा होता, "छोटं आहे म्हणजे कमी पॉवरचं असणार."

दाबाचा विचार करून केलेलं डिझाइन कसं असतं ते बघा. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणलं तेव्हा त्याची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा मुद्दाम ३ मिमीच्या वर लांब ठेवली, जेणेकरून ३५,००० पीएसआयचं काडतूस १७,००० पीएसआयच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. .३२ च्या जोडीत असा अडसर नाही. तुमचा फोन ६७ वॉटच्या चार्जरला लावला तरी बिघडत नाही, कारण यूएसबी-सीमध्ये फोन आणि चार्जर आधी आपसात बोलून किती वॉट घ्यायचे ते ठरवतात. काडतूस आणि चेंबर बोलत नाहीत. बसलं म्हणजे चालेल, हा नियम इथे नाही.

मग फुटली असती का रिव्हॉल्व्हर? एका फैरीत बहुधा नाही, प्रूफचा राखीव हात असतो. पण रिव्हॉल्व्हर रेटिंगच्या बाहेर चालवत राहिलं की सिलिंडर मागेपुढे डुगडुगायला लागतो, नळीसमोर नेमका उभा राहत नाही, वरची पट्टी वायूने खरवडते. सिलिंडर जरा तिरका उभा राहिला की गोळी नळीच्या कडेला घासून बाजूने शिशाचे कण उडवते. ते शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात जातात. आणि मामांची रिव्हॉल्व्हर जुनी आहे. तिची किती आयुष्यं खर्च झालीत ते बाहेरून दिसत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात: परवाना ज्या हत्याराचा, काडतुसं त्याचीच. ओळखीच्याने दिलेली चार काडतुसं ही भेटवस्तू होत नाही. बिनपरवाना एक जिवंत काडतूस घरात सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा होतो.

परवानाधारक घरात असेल तर दोन गोष्टी

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये भरायची अनेकांना सवय असते. प्रत्येक वेळी गोळी थोडी आत दाबली जाते. पुंगळीतली जागा कमी झाली की त्याच दारूचा दाब झपाट्याने वाढतो. दुसऱ्या काडतुसाशेजारी उभं करून उंची कमी दिसली तर ते वापरू नये, परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावं.

दुसरं म्हणजे ऊन. दारू गरम असेल तर दाब वाढतो, म्हणूनच नाटोच्या चाचण्या उणे ५४ ते अधिक ५२ अंशांपर्यंत करतात. मे महिन्यात काच लावून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ५२ सहज ओलांडतो.

गावठी कट्ट्याबद्दल वेगळं लिहायची गरज नव्हती, पण शॉर्ट्समध्ये तोही मिरवतात म्हणून सांगतो. त्याची नळी कुठल्या पाईपाची आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. प्रूफ टेस्ट म्हणजे पहिला चाप ओढणाऱ्याचा हात.

मामेभावाने त्याच संध्याकाळी दुसरा फोटो पाठवला. सिलिंडर उघडा, सगळे चेंबर रिकामे. शेजारी मामांची नेहमीची पेटी, तिच्यावरचं काडतुसाचं पूर्ण नाव त्याने बोटाने दाखवलं होतं. खाली लिहिलं होतं, "पप्पा म्हणतात, ती चार परत करायला आपण दोघं जाऊ. आणि दादा, तू पण चल, तिथं त्यांना तू सांग."